नोटपॅडमधला फाइंड-रिप्लेस वर्डप्रेसला पुरत नाही

लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर, बांधलेली वर्डप्रेस साइट सर्व्हरवर चढवताना वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळतो: डेटाबेसची एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडा, जुना पत्ता बदलून नवा टाका आणि इम्पोर्ट करा. हा सल्ला धोक्याचा आहे.

लेखांचा मजकूर डेटाबेसमध्ये साधा असतो, त्यामुळे तो नीट दिसतो आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण विजेट (साइडबारसारख्या जागी बसवायचे छोटे तुकडे), थीमच्या सेटिंग आणि बऱ्याच प्लगिनांची माहिती पीएचपी सीरियलाइझ करून ठेवते. म्हणजे प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. 'एचटीटीपी'सकट लोकलहोस्टचा पत्ता इंग्रजीत 16 अक्षरांचा, म्हणून तिथे 16 हा आकडा. नोटपॅड पत्ता बदलतो, आकडा तसाच राहतो. नवा पत्ता 22 अक्षरांचा असेल तर हिशोब जुळत नाही आणि पीएचपी ती अख्खी नोंद नाकारते. मग साइडबार रिकामा दिसतो आणि बिचाऱ्या होस्टिंगवाल्याला बोल लागतो.

आकडा हाताने दुरुस्त करायला जाऊ नका. तो अक्षरांचा नसून बाइटांचा असतो. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'नमस्कार' 21 बाइट घेतो.

त्यापेक्षा डेटाबेस जसाच्या तसा इम्पोर्ट करा, डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये नव्या डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड भरा आणि डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड देऊन वर्डप्रेस हाताळायच्या साधनाची सर्च-रिप्लेस कमांड चालवा. ती नोंद उलगडते, पत्ता बदलते, लांबी नव्याने मोजून परत ठेवते. आधी बॅकअप घ्या आणि ड्राय-रन लावून बघा: कुठल्या टेबलात किती बदल होणार, ते काहीही न बदलता कळतं.