हिवाळ्यातलं नैराश्य: खोलीत उजेड असतो, पण पुरेसा नसतो

दिवस लहान व्हायला लागले की काही जणांचं मन दरवर्षी ठरल्यासारखं खचतं. नैराश्यात एरवी बहुतेकदा झोप उडते, अन्नावरची वासना जाते, इथे उलटंच. कितीही झोपलं तरी डोळे जड, गोड आणि पिष्टमय पदार्थांची हाव, वाढतं वजन. हिवाळा सरला की सगळं ओसरतं, म्हणून घरचे त्याला आळस समजतात. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. (उन्हाळ्यात खचणारेही असतात, पण थोडे.)

खरी गोम डोळ्यांत आहे. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी बाहेर उजेड किती आहे, हे मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. हिवाळ्यात उशिरा उजाडतं. त्यामुळे हे घड्याळ मागे पडतं आणि रात्रीचं संप्रेरक मेलाटोनिन सकाळीही रेंगाळतं, असा एक प्रमुख सिद्धांत आहे. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही संशय आहेच.

पण घरात दिवे असतातच की! इथेच आपली फसगत होते. डोळे कमी उजेडाला इतके पटकन सरावतात की फरक जाणवत नाही. दिवे लावलेल्या खोलीत जेमतेम १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स, तर लख्ख उन्हात लाखाच्या आसपास.

उपचाराचा दिवा म्हणूनच १०,००० लक्सचा असतो. उठल्यावर लवकरात लवकर, रोज साधारण ३० मिनिटं त्याच्यासमोर बसायचं. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावायची नाही. पेपर वाचला तरी चालतं. १०,००० लक्सचा आकडा दिव्यापासून ठरावीक अंतरावरचाच असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दिवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर उपयोग शून्य. संध्याकाळी वापरला तर झोपेचं खोबरं. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार (कधी नैराश्य, कधी उन्माद) असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. बायपोलरमध्ये या उजेडाने उन्मादाचा झटका येऊ शकतो.

दिव्याइतकंच मोल मी विचार आणि वर्तन बदलणाऱ्या समुपदेशनाला देईन. मानसशास्त्रज्ञ केली रोहान यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात दोन्ही उपचार त्या हिवाळ्यात सारखेच लागू पडले. दोन हिवाळ्यांनंतर मात्र दिवा वापरलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांना नैराश्य पुन्हा आलं होतं, हे समुपदेशन घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के. औषधंही आहेत. आणि जगणंच नकोसं वाटू लागलं, तर दिव्याच्या गुणाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.