प्रबंधातला गुग्गुळ आणि फडक्यातला चोथा

आयुर्वेद महाविद्यालयात गुग्गुळ या औषधी डिंकाच्या शोधनाचे, म्हणजे शुद्धीकरणाचे, प्रात्यक्षिक असले की त्याचा वास वर्गाबाहेर जिन्यापर्यंत येतो. कच्च्या गुग्गुळाचे खडे फोडून फडक्यात बांधतात आणि ती पुरचुंडी आडव्या दांडीला टांगून उकळत्या त्रिफळा काढ्यात बुडती ठेवतात. या मांडणीला दोलायंत्र म्हणतात. हळूहळू डिंक विरघळून फडक्यातून काढ्यात उतरतो आणि पुरचुंडीत सालपटे, वाळू, काटक्या, क्वचित एखादा किडा एवढेच उरते. काढा गाळून आटवला आणि तूप लावलेल्या ताटात पसरून वाळवला की शुद्ध गुग्गुळ हाती येतो. नोंदवहीत कच्चा माल किती घेतला आणि शुद्ध किती मिळाला, याबरोबरच फडक्यात चोथा किती राहिला हेही लिहायचे असते. वनौषधींवरच्या संशोधनात हा तिसरा आकडा बहुधा कोणी लिहीत नाही, आणि गुग्गुळाचीच गोष्ट त्याचा उत्तम दाखला आहे.

ही गोष्ट एका पदव्युत्तर प्रबंधापासून सुरू होते. जी. व्ही. सत्यवती, ज्या पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या, त्यांनी १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात मेदोरोग, म्हणजे स्थूलता, आणि रक्तातील स्निग्ध पदार्थांचे विकार या विषयावर प्रबंध सादर केला. वाढलेल्या मेदाने शरीरातल्या वाटा अडतात आणि त्यामुळे बाकीच्या धातूंचे, म्हणजे शरीर घडवणाऱ्या रक्त-मांसादी घटकांचे, पोषण होत नाही, असे वर्णन जुन्या ग्रंथांत आहे. हे वर्णन रोहिणीकाठिण्याशी, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूस चरबीचे थर साचून त्या अरुंद होण्याशी, जुळते असे त्यांना वाटले. मेदोरोगावर सांगितलेला गुग्गुळ त्यांनी सशांवर तपासला. ज्या सशांना आहारातून कोलेस्टेरॉल वाढवणारे पदार्थ दिले होते, त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल गुग्गुळाने कमी झाल्याचे दिसले.

प्रबंधाची खरी कमाई माझ्या मते सशांच्या आकड्यांपेक्षा प्रश्नात आहे. ग्रंथातले वाक्य खरे की खोटे असा वाद न घालता, ते खरे असेल तर प्रयोगशाळेत काय दिसायला हवे, असा प्रश्न त्यांनी केला. मात्र या पहिल्याच पावलावर फडक्यात बरेच काही मागे राहिले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात, स्थूलतेच्या उपचारासाठी गुग्गुळ एकटा येत नाही. त्याच्याबरोबर शिलाजित, गोमूत्र, त्रिफळा, लोहचूर्ण, मध, जव, मूग, कोद्रू अशी यादी येते आणि शेवटी व्यायाम व लेखन बस्ती, म्हणजे मेद खरवडणारा औषधी एनिमा, येतात. म्हणजे तिथे सांगितलेली गोष्ट हे एक औषध नसून जेवणखाण आणि दिनचर्येसकट एक मोठी व्यवस्था आहे, आणि त्यातला एक घटक प्रयोगासाठी निवडला गेला. ही निवड चुकीची नव्हती, कारण एका वेळी सगळे तपासता येत नाही; पण निवड झाली आहे याची आठवण पुढच्या लोकांनी ठेवायला हवी होती.

पुढचा टप्पा लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत झाला. तिथे संपूर्ण डिंकाऐवजी एथिल अ‍ॅसिटेट या द्रावकात उतरणारा अर्क घेतला गेला, त्यातल्या ई आणि झेड गुग्गुलस्टेरॉन या दोन रासायनिक घटकांचे प्रमाण ठरवून देण्यात आले आणि अर्काला गुगुलिपिड हे नाव मिळाले. मुंबई आणि नागपूरसह देशातल्या ७ शहरांत झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. आधी ८ आठवडे आहारनियमन व निष्क्रिय गोळी आणि नंतर १२ आठवडे गुगुलिपिड, अशा खुल्या चाचणीत २०५ रुग्णांपैकी ७० ते ८० टक्के जणांचे कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरले. त्याच अहवालातल्या दुहेरी अंध चाचणीत, जिथे गोळी कोणती हे रुग्णाला किंवा डॉक्टरला ठाऊक नव्हते, गुगुलिपिडची सरासरी घट ११ टक्के आणि क्लोफायब्रेट या त्या काळच्या प्रचलित औषधाची १० टक्के होती. एकाच अर्काचा आकडा पद्धत बदलताच निम्म्याखाली आला, ही गोष्ट मला त्या अहवालातली सर्वांत शिकवणारी वाटते, पण जाहिरातीत दिसला तो मोठाच आकडा.

२००२ साली गुग्गुलस्टेरॉनच्या कामाची एक रासायनिक कहाणीही पुढे आली. यकृतात पित्ताम्लांचा ताळमेळ राखणारा एफएक्सआर नावाचा ग्राही, म्हणजे रासायनिक संदेश टिपणारे प्रथिन, असतो; गुग्गुलस्टेरॉन त्याला अटकाव करते, आणि ज्या उंदरांत हा ग्राहीच नाही त्यांच्या यकृतातले कोलेस्टेरॉल गुग्गुलस्टेरॉनने कमी होत नाही, असे प्रयोगात आढळले. यंत्रणा सापडली म्हणजे औषधही सिद्ध झाले, असा समज त्या वेळी सहज पसरला असावा.

त्याला २००३ मध्ये धक्का बसला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढांवर ८ आठवड्यांची दुहेरी अंध चाचणी केली. त्यांचा रोजचा आहार पाश्चात्त्य पद्धतीचाच राहिला आणि २.५ टक्के गुग्गुलस्टेरॉन असलेला अर्क १ ग्रॅम किंवा २ ग्रॅम दिवसातून तीनदा देण्यात आला. ज्याला सर्रास वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते एलडीएल निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ५ टक्क्यांनी कमी झाले, आणि गुग्गुळ घेणाऱ्यांत मात्र अनुक्रमे ४ व ५ टक्क्यांनी वाढले. शिवाय काही जणांच्या अंगावर पुरळ उठले.

यावर दोन प्रतिक्रिया नेहमी ऐकू येतात. एक, आयुर्वेद निकालात निघाला. आणि दुसरी, आयुर्वेदाला आधुनिक चाचणीची फूटपट्टी लावताच येत नाही. दुसरी मला अधिक त्रासदायक वाटते, कारण निकाल आपल्या बाजूने असताना तीच फूटपट्टी आपण अभिमानाने दाखवलेली असते. चाचणीने नेमके एवढेच सांगितले की हा अर्क, एवढ्या मात्रेत, आहार न बदलता, एलडीएल कमी करत नाही. हे उत्तर पक्के आहे आणि कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळाच्या गोळ्या घेणाऱ्याने ते गांभीर्याने घ्यावे. शोधन केलेला संपूर्ण गुग्गुळ, पथ्य आणि व्यायाम यांच्याबद्दल मात्र ही चाचणी काही बोलत नाही. त्यांच्या बाजूने पुरावा हवा असेल तर तो वेगळा मिळवावा लागेल.

तो मिळवण्याआधी माल तरी खरा आहे का हे पाहावे लागते. कॉमिफोरा व्हाइटी हे गुग्गुळाचे काटेरी झुडूप कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थानात वाढते. डिंकासाठी खोडावर बेफाम चिरा दिल्याने झुडुपे वाळून जातात, आणि आज त्याची नोंद अतिसंकटग्रस्त वनस्पतींत आहे. माल कमी म्हणून बाजारात भेसळही होते. प्रयोगशाळेत अर्काचा थेंब सिलिका लावलेल्या पट्टीवर ठेवून ती पट्टी द्रावकात उभी करतात आणि मग अतिनील दिव्याखाली धरतात. गुग्गुलस्टेरॉनचे काळपट ठिपके प्रमाणित नमुन्याच्या रांगेत दिसले तर माल ओळखीचा, नाही तर सलईचा किंवा दुसरा कुठला डिंक. शिवाय गुग्गुळ निरुपद्रवी नाही. त्याच्याबरोबर घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयरोगावरील औषधांचे रक्तातले प्रमाण घटते, हे निरोगी स्वयंसेवकांत मोजले गेले आहे. ओपीडीत आधीची औषधे विचारून लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आयुर्वेद महाविद्यालयांत दरवर्षी कितीतरी एम.डी. प्रबंध होतात. तीस-चाळीस रुग्ण, अठरा महिने, आणि मग कापडी बांधणीची प्रत ग्रंथालयात. एवढ्या बळावर कोलेस्टेरॉलचा निकाल लागणे कठीण आहे, पण छोटा आणि नेमका प्रश्न मात्र सुटू शकतो. असा एक प्रश्न ग्रंथांतच पडून आहे. नवा गुग्गुळ बृंहण, म्हणजे पुष्टी देणारा, आणि जुना लेखन, म्हणजे मेद खरवडणारा, असे सांगितले आहे. भावप्रकाश या ग्रंथातही जुना अतिलेखन, म्हणजे फार खरवडणारा, आहे, पण तिथेच पुढे जुन्याचे लक्षण कोरडा, दुर्गंधी, रंग उडालेला आणि वीर्यहीन, म्हणजे औषधी ताकद गेलेला, असे दिले आहे. मग जुना कोणता घ्यायचा, किती जुना, आणि साठवणीत त्याच्या रसायनात नेमके काय बदलते? त्यासाठी मोठा निधी लागत नाही. औषधी द्रव्यांचा अभ्यास करणाऱ्या द्रव्यगुण विभागाच्या कपाटात, कुठून आणि कधी आणला याची चिठ्ठी लावून, खात्रीच्या गुग्गुळाची एक बरणी ठेवावी लागते, आणि दरवर्षी येणाऱ्या तुकडीने त्यातला चिमूटभर काढून तशाच सिलिकाच्या पट्टीवर पुन्हा तपासावा लागतो.