गाव लांब म्हणून फायबर स्लो?

"शहरापासून गाव जितकं लांब, तितका फायबरचा स्पीड कमी." गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे कुणीही सांगेल. समज उगाच झालेला नाही. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर नेट यायचं तेव्हा ते खरंच होतं. एक्सचेंजपासून चार-पाच किलोमीटरवर वेग पार ढेपाळायचा.

फायबरमध्ये मात्र काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो. घरोघरी सर्रास वापरली जाणारी जीपॉन पद्धत साधारण 20 किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठीच बनवलेली आहे. त्या टप्प्यात घर दोन किलोमीटरवर असो की पंधरा, प्लॅनचा वेग तोच. हां, एका धाग्यावरचे सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट बऱ्याचदा 32 किंवा 64 घरांत वाटलेले असतात, त्यामुळे रात्री गर्दीला मंदावू शकतं. पण तो अंतराचा दोष नव्हे.

माझ्या मते निम्मा घोळ घरातच असतो. राउटर पडवीत, माणूस माजघरात, मध्ये जाडजूड चिऱ्याची भिंत. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय तिथेच मान टाकतं.

तपासायचं असेल तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, बाकी मोबाइलचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या, एकदा सकाळी, एकदा रात्री नऊला. केबलवर पूर्ण आणि वायफायवर अर्धा आला, तर राउटर माजघरात आणा. मोठ्या प्लॅनवरही केबलचा आकडा 95 च्या आसपास अडकला, तर केबल किंवा पोर्ट 100 मेगाबिटचा आहे. सकाळीही केबलवर कमीच येत असेल, तर लाइनमनला ऑप्टिकल पॉवर, म्हणजे घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, मोजायला सांगा. माडावरून ओढलेली वायर झावळी पडून वाकली असेल, तर ती तिथे कळते.