‘शिशुवर्ग ते बारावी’ : महाराष्ट्रातील खासगी शाळेची पार्श्वभूमी

‘शिशुवर्ग ते बारावी’ अशी पाटी लावलेल्या खासगी शाळेकडे पालक एकच शाळा म्हणून पाहतात. राज्य मंडळाशी संलग्न शाळांच्या बाबतीत शासनाच्या दप्तरी मात्र ती क्वचितच एक असते. तीन वर्षांच्या मुलाचा वर्ग, प्राथमिक, माध्यमिक आणि अकरावी-बारावी हे चार भाग वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी उभे राहिले आणि त्यांच्या मान्यतेची कागदपत्रेही निराळीच राहिली. दहावी उत्तीर्ण झालेली मुलगी तळमजल्यावरच्या खिडकीतून शाळा सोडल्याचा दाखला घेते, जिना चढते आणि तोच दाखला त्याच संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरील खिडकीत जमा करते. तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये तिला नवा क्रमांक मिळतो. बारा-तेरा वर्षे त्याच फाटकातून आत येणारी ती मुलगी कागदोपत्री त्या दिवशी नव्याने दाखल झालेली असते.

या व्यवस्थेचे मूळ १८५४ च्या शैक्षणिक खलित्यातील अनुदानाच्या तत्त्वात आहे. शाळा खासगी संस्थेने चालवावी, सरकारने तपासणी करून तिला अनुदान द्यावे, ही विभागणी तेव्हापासूनची. १८८० मध्ये पुण्यात काही तरुण शिक्षकांनी स्वतःची शाळा काढली, त्यानंतर तो कित्ता अनेक शहरांत गिरवला गेला आणि स्वातंत्र्यानंतर तालुक्याच्या गावोगावी शिक्षण संस्थांची हायस्कुले उभी राहिली. प्राथमिक शिक्षण मुख्यतः स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आणि माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी संस्थांकडे, अशी वाटणी त्यातून झाली. जुन्या हायस्कुलांना पाचवीचा वर्ग जोडलेला दिसतो तो याच वाटणीमुळे. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे गट पाडले, तेव्हा हायस्कुलातली पाचवी नेमकी कोणाची, हा वाद अनेक जिल्ह्यांत उभा राहिला.

अकरावी-बारावीचा सांधा त्यामानाने अलीकडचा आहे. पूर्वी मॅट्रिकची परीक्षा अकरावीला होत असे आणि त्यापुढचे वर्ग महाविद्यालयात भरत. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या शिफारशींतून पुढे आलेला १०+२+३ हा आकृतिबंध राज्याने सत्तरच्या दशकात स्वीकारला. त्यानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये आणि बारावीची १९७७ मध्ये झाली. मधली दोन वर्षे कुठे ठेवायची, हा प्रश्न होता. महाविद्यालयांकडे प्राध्यापक आणि प्रयोगशाळा तयार होत्या, हायस्कुलांकडे जागा आणि विद्यार्थी होते, त्यामुळे दोन्हीकडे वर्ग दिले गेले आणि दोन्हीकडे त्यांना ‘कनिष्ठ महाविद्यालय’ हे नाव चिकटले. केंद्रीय मंडळाच्या शाळेत बारावीचा मुलगा शाळकरी असतो. राज्य मंडळाच्या मुलाला मात्र सोळाव्या वर्षीच ‘कॉलेजला गेला’ म्हणतात. हा फरक शब्दापुरता नाही. मुंबईत २००९ पासून अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आणि २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली. परिणामी स्वतःच्याच शाळेत अकरावीला राहायचे, तरी विद्यार्थ्याला इन-हाऊस कोट्यातून अर्ज करावा लागतो.

मात्र खासगी शाळेचा अलीकडचा इतिहास ज्या एका शब्दाभोवती फिरला तो म्हणजे ‘कायम’. १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी शिक्षकाची नेमणूक, वेतनश्रेणी आणि बडतर्फी संस्थाचालकांच्या मर्जीतून बाहेर काढली. त्या काळी ‘विनाअनुदानित’ हा टप्पा मानला जाई. शाळा सुरू करायची, काही वर्षे पदरमोड करून चालवायची आणि निकष पूर्ण झाले की अनुदानावर यायचे, असा रिवाज होता. २००१ मध्ये शासनाने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण घेतले. पुढे कधीही अनुदान मागणार नाही, असे हमीपत्र संस्थेने द्यायचे होते. तिजोरीवरचा वेतनाचा वाढता बोजा हे त्यामागचे उघड कारण होते आणि ते खोटे नव्हते. पण हमीपत्रावर सही संस्थेची होती आणि त्याची किंमत वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाने मोजली. कायद्याने वेतनश्रेणी त्यालाही लागू होती, तरी सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, ही त्या काळातली सर्रास ऐकू येणारी तक्रार होती.

२००९ मध्ये शासनाने इंग्रजी माध्यमाच्या शाळा वगळून इतर शाळांच्या बाबतीत ‘कायम’ हा शब्द काढून टाकला. शब्द गेला, पण पैसे आले नाहीत. २०११ मध्ये मूल्यांकनाचे निकष ठरले आणि इमारत, पटसंख्या, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद), निकाल अशा बाबी तपासून शाळा अनुदानास पात्र ठरू लागल्या. पात्र ठरलेल्यांमध्येही याद्या जाहीर झालेल्या शाळा ‘घोषित’ आणि न झालेल्या ‘अघोषित’ असा आणखी एक भेद पडला. शासनाने स्वतःच पात्र ठरवलेली शाळा स्वतःच्याच भाषेत वर्षानुवर्षे ‘अघोषित’ राहू शकते, ही प्रशासकीय मराठीची खास देणगी म्हणावी लागेल. २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के वेतन अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि पुढचे टप्पेही २०-२० टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले. प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षक आझाद मैदानावर बसले, हे मुंबईकर वाचकांना वेगळे सांगायला नको.

या शब्दाची गुंतागुंत शाळेच्या आत शिरल्यावर कळते. एकाच शाळेत आठवी अ ही तुकडी अनुदानित आणि आठवी ब ही नैसर्गिक वाढीतून, म्हणजे विद्यार्थी वाढल्याने, मिळालेली विनाअनुदानित, असे असू शकते. दोन्ही तुकड्यांना तेच पुस्तक, तीच घंटा आणि कित्येकदा तेच शिक्षक असतात. वेतनाच्या देयकात मात्र एकाचे नाव असते आणि दुसऱ्याचे नसते. त्यामुळे अनुदानित तुकडीवरचा शिक्षक निवृत्त झाला की विनाअनुदानित तुकडीवरच्या शिक्षकाची त्या जागी ‘बदली’ करण्यासाठी धडपड सुरू होते आणि अशा बदल्या वैध की अवैध यावर न्यायालयात प्रकरणे जातात. निवृत्तिवेतनाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी योजना बंद झाली. त्याआधी नेमणूक झालेली, पण शाळा १०० टक्के अनुदानावर त्या तारखेनंतर आलेली, असे शिक्षक कोणत्या बाजूला मोजायचे? शासनाने शाळेच्या अनुदानाची तारीख धरली, शिक्षकांनी स्वतःच्या नेमणुकीची. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरची तारीख एवढी महत्त्वाची ठरेल, हे ती लिहिताना कोणाच्या ध्यानीमनीही नसावे.

अनुदानाची ही गाठ सुटत नसतानाच शासनाने दुसरी वाट खुली केली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विनाअनुदानित संस्था चालवण्याचा हक्क मान्य केला होता. वाजवी शिलकीला मुभा होती, नफेखोरीला नव्हती. राज्याच्या २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने अनुदानाचा विषयच संपवला. या शाळांना ते मिळणार नाही, हे कायद्यातच लिहिले गेले. आज नव्याने उघडणाऱ्या, पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंत जाहिरात करणाऱ्या बहुतेक शाळा याच वाटेने आल्या आहेत. शुल्कावर अंकुश ठेवण्यासाठी त्याआधी झालेला शुल्क विनियमनाचा कायदा २०११ चा असला तरी प्रत्यक्ष अंमल २०१४ मध्ये सुरू झाला. शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीने शुल्काला मंजुरी द्यावी, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना आहे. आपले मूल ज्यांच्या वर्गात बसते त्यांच्यासमोर बसून पालकाने शुल्कवाढ नाकारावी, ही अपेक्षा कागदावर जितकी सोपी वाटते तितकी ती सभेत नसते.

शिक्षण हक्क कायद्यातील, वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी खासगी शाळांत २५ टक्के जागा राखण्याची तरतूद २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेला या बंधनातून सूट दिली. मे महिन्यात उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्दच केला. या मुलांच्या शुल्कापोटी शासनाने द्यायची प्रतिपूर्तीची रक्कम थकल्याची शाळांची तक्रार त्याआधीपासून होती. या बदलामागे ती नव्हती असे म्हणणे अवघड आहे.

सर्वात लहान मुलांचा वर्ग या सगळ्या इतिहासात सर्वात सैल राहिला. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा जो प्रयोग सुरू झाला, त्यातून ‘बालवाडी’ आणि ‘अंगणवाडी’ हे शब्द आणि त्यामागचा विचार रुजला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. शहरातल्या खासगी शिशुवर्गाला मात्र हा वारसा फारसा मिळाला नाही. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा असल्याने तीन ते सहा वयोगट त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. अपवाद एवढाच की जी शाळा पूर्वप्राथमिक वर्ग चालवते, तिला राखीव जागांचे बंधन त्या वर्गापासूनच लागू होते. शिक्षिका बहुतेक ठिकाणी मानधनावर असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही तीन वर्षे पहिली-दुसरीला जोडून पाच वर्षांचा पायाभूत स्तर केला आणि नववी ते बारावी हा एकच स्तर मानला. त्यामुळे शाळेच्या दोन्ही टोकांचे सांधे एकाच वेळी चर्चेत आले आहेत. तूर्त अनेक शाळांत काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून ‘ग्रॅज्युएशन डे’ साजरा होतो तो मोठ्या शिशूचा. बारावीची मुले निकालानंतर कार्यालयाच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहून दाखला घेतात.