गाडीच्या खालच्या अंगाला लागणारं मीठ: कोटिंग करून घेण्याआधी एवढं वाचा

“सोलापुरात कुठे बर्फ पडतो? मग मिठाच्या गंजाची काळजी आम्ही का करायची?” आमच्याकडे खालच्या पत्र्याला गंजरोधक कोटिंग करायला गाडी रॅम्पवर चढवली की हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. मोबाइलवर ज्या गंजलेल्या गाड्या दिसतात, त्या बहुतेक अमेरिका, कॅनडा किंवा उत्तर युरोपातल्या असतात. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं, मिठाचं पाणी त्याच्या बरंच खाली. साधं मीठ उणे ९ अंशांच्या आसपासपर्यंत कामाला येतं. त्याहून जास्त थंडी असेल तर कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हेच पाणी चाकांनी उडून गाडीच्या खाली बसतं आणि पत्रा खातं.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ कुणी टाकत नाही. तरीही ते आपल्या गाड्यांना लागतं, फक्त वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट कोकणाची. दिवाळीत आणि मे महिन्यात सांगोला, मिरज, कोल्हापूर करत गाड्या रत्नागिरीला उतरतात. किनाऱ्यावर फोटोसाठी गाडी ओल्या वाळूत नेली जाते. परत आल्यावर बॉडी चकाचक धुतात, पण खाली व्हील आर्चच्या (चाकावरच्या कमानीच्या) कडेला चिकटलेली वाळू तशीच राहते. ओल्या पायांनी आत आलेलं खारं पाणी मॅटखालच्या कार्पेटमध्ये मुरतं आणि फ्लोअरचा पत्रा आतून कुजायला लागतो. खालून कितीही कोटिंग मारलं तरी हा गंज थांबत नाही.

दुसरी वाट मालाची. मिठाची पोती, सुकी मासळी किंवा बर्फातली मासळी वाहणाऱ्या पिकअप आणि टेम्पोंचे हौदे सगळ्यात आधी जातात.

तिसरी वाट शेताची. पोटॅश म्हणून जे खत आपण ट्रॉलीतून आणतो, ते पोटॅशियम क्लोराइड असतं. लोखंडाच्या दृष्टीने ते मिठाचं सख्खं भावंड, कारण वजनात निम्म्याच्या आसपास क्लोराइडच. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागायतदारांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. मोरचूद आणि चुना मिसळून केलेलं बुरशीनाशक, म्हणजे बोर्डो मिश्रण, बरोबर झालंय का, हे पाहायला त्यात विळ्याचं पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडलाय. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळून जातं, तेच तिथे दिसतं. फवारणीच्या ब्लोअरच्या फ्रेमवर किंवा ट्रॅक्टरच्या उघड्या पडलेल्या पत्र्यावर असं द्रावण सांडलं, तर तिथेही हेच होतं. म्हणून फवारणी झाली की पंपासोबत ट्रॅक्टरही धुवा.

चौथी वाट घरातलीच, खाऱ्या बोअरची. काळ्या गाडीवर पाणी वाळल्यावर पांढरे डाग पडत असतील, तर ते पाणी मीठ धुवायच्या कामाचं नाही. बाकी धुणं त्याने करा, शेवटचं पाणी मात्र नळाचं घ्या.

मीठ मुळात करतं काय? लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन पुरतो, मिठाची गरज नसते. पण गंजणं ही विजेच्या बारीक प्रवाहाने चालणारी क्रिया आहे आणि खाऱ्या पाण्यातून तो प्रवाह कितीतरी सहज वाहतो. शिवाय क्लोराइड लोखंडावरचा पातळ संरक्षक थर फोडतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचा रंग पापडासारखा फुगून येतो. फोड दिसला म्हणजे आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं.

आता सोलापुरासाठी सगळ्यात महत्त्वाचं. कोरडं मीठ गप्प बसतं. मे महिन्यात कोकणातून आलेल्या गाडीला ४२ अंशांच्या कोरड्या उन्हात काहीच होत नाही, आणि मालक निर्धास्त राहतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. मृगाचा पाऊस आला की सांध्यांत दडलेलं तेच मीठ कामाला लागतं. म्हणून प्रवासाहून आल्यावर दोन दिवसांत गाडी खालून धुवा, पावसाची वाट पाहू नका.

धुताना घाई नको. घरी रॅम्प नसेल तर बागेला पाणी देणारा फिरता स्प्रिंकलर गाडीखाली ठेवा आणि पुढे-मागे सरकवत प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं चालू द्या. जोरापेक्षा भरपूर पाणी महत्त्वाचं. वॉशिंग सेंटरवर प्रेशर पंप वापरत असतील तर वायरिंगचे जोड आणि सांध्यांवरची रबरी आवरणं (बूट) यांच्यापासून नोझल लांब धरायला सांगा. दाराच्या खालच्या कडेला छोटी ड्रेन होल असतात, ती काडीने मोकळी करा. ती बुजली की दार आतून पाण्याने भरून राहतं.

आणि आता कोटिंग. मिठावर किंवा सुट्या गंजावर कोटिंग मारलं, तर ओल आणि मीठ आतच कोंडतं आणि बाहेरून काळंभोर दिसणारा पत्रा आतून पोकळ होत जातो. म्हणून आमच्याकडे गाडी आधी धुतली जाते, मग पूर्ण वाळवली जाते. त्याच दिवशी कोटिंग करून द्या असा आग्रह कृपया धरू नका. सुटा गंज वायर ब्रशने काढतो, उरलेल्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं द्रावण) लावतो, मग प्राइमर आणि त्यावर रबर मिसळलेला, म्हणजे रबराइज्ड कोट. साइड मेंबर (गाडीखालचे लांब पोकळ दांडे) आणि दाराखालच्या पोकळ भागांत आतून वॅक्स सोडतो. सायलेन्सर, ब्रेक डिस्क, प्रोपेलर शाफ्ट आणि सेन्सर झाकून ठेवतो, तिथे कोटिंग मारायचं नसतं. निव्वळ डांबरी कोट आम्ही करत नाही. तो उन्हाने कडक होऊन तडकतो आणि तडे गेले की पाणी आत शिरतं.

जुनं इंजिन ऑइल किंवा डिझेल फवारण्याची पद्धत अजून आहे. त्याने रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते, ब्रेकवर थेंब गेला तर गाडी थांबायची पंचाईत, आणि पहिल्या पावसात ते तेल ओढ्या-नाल्यात जातं. स्वस्त असलं तरी हे करू नका. बॅटरीला जोडायची ‘गंजरोधक’ इलेक्ट्रॉनिक डबीही आम्ही विकत नाही. जहाजावर तशी युक्ती चालते, कारण जहाजाचा तळ सतत पाण्यात बुडालेला असतो आणि प्रवाहाला वाट मिळते. हवेत चालणाऱ्या गाडीला ती मिळत नाही.

दुचाकीवाल्यांसाठी थोडक्यात: चेन, रिम आणि सायलेन्सरचे जोड गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, चेनला वंगण द्या.

गाडी जुनी असेल तर घरीच एक तपासणी करता येते. दाराखालचा पत्रा आणि जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला भद्द आवाज देतो. जॅक पॉइंट भद्द वाजला तर तिथे जॅक लावू नका, आणि कोटिंगआधी वेल्डिंग लागेल असं धरून चला. ब्रेक पाइपवर खवले दिसत असतील तर कोटिंगचा विचार बाजूला ठेवून आधी पाइप बदला.

कोटिंगसाठी मे महिन्याचा पहिला पंधरवडा उत्तम, गाडी कोनाकोपऱ्यापर्यंत वाळते. सहल मे अखेरीस असेल तर आधी जाऊन या, मग गाडी आणा. येताना डिकी रिकामी असू द्या, आणि गाडी गेल्या वर्षभरात कुठे फिरली, काय वाहिलं, पाणी कसलं वापरता, हे मोकळेपणाने सांगा. त्यावरून कुठे उघडून पाहायचं ते आम्हाला कळतं.