दगडफूल निवडताना

मे महिन्यात आमच्याकडे वर्षाचा गोडा मसाला होतो. धणे, तीळ, खोबरं, नागकेशर, बाद्यान, सगळं ऊन खाऊन डंकावर जायचं असतं आणि त्याआधी निवडायचं असतं. यंदा माझ्या वाट्याला दगडफूल आलं. पाकिटावर छापलं होतं, ‘खडकांवर उमलणारे फूल’. ताटात ओतून तासभर निवडलं, पण दगडाची एक कपचीही हाती लागली नाही. निघाल्या त्या झाडाच्या सालीच्या ढलप्या, बारीक काटक्या आणि थोडं शेवाळ. म्हणजे हे मुळात दगडावर नाही, झाडावर वाढलेलं होतं. आणि फूल तर ते नाहीच.

दगडफूल म्हणजे लायकेन, मराठीत शैवाक. एकत्र राहणाऱ्या शैवल आणि कवक (म्हणजे बुरशी) या दोघांची गाठ त्या शब्दातच बांधलेली आहे. बाजारातल्या दगडफुलात दोन-चार प्रकारांची सरमिसळ असते, पण त्यातला मोठा वाटा ‘पार्मोट्रेमा’ या प्रजातीचा. इटालियन शास्त्रज्ञ मॅसालोंगो यांनी 1860 साली ही प्रजाती मांडली. तिच्यात आज सुमारे तीनशे जाती मोजतात, बहुतेक उष्ण आणि समशीतोष्ण कटिबंधातल्या. दुकानातला माल प्रामुख्याने उत्तराखंड-हिमाचलच्या जंगलांतून येतो. आपल्याकडे महाबळेश्वर किंवा आंबोलीला गेलात तर जांभूळ, हिरडा, अंजनीच्या खोडांवर ही राखाडी, कुरळ्या कडांची पानं हाताच्या उंचीवर दिसतील. कधी खडकावरही वाढतात, त्यामुळे नाव अगदीच खोटं नाही म्हणा.

एक तुकडा उलटा करून भिंगाखाली धरा. वरची बाजू फिकट राखाडी, खालची काळीभोर. काळ्या भागात बारीक केसांसारखे धागे असतात. ती मुळं नव्हेत, फक्त सालीला धरून ठेवायचे आकडे. कडेला मात्र बोटभर नाही तरी काही मिलिमीटरचा तपकिरी, गुळगुळीत पट्टा असतो आणि तिथे धागे नसतात. पार्मोट्रेमाची ही खास खूण. काही जातींत कडांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. त्या पिठाच्या प्रत्येक कणात बुरशीचे धागे आणि शैवलाच्या पेशी एकत्र बांधलेल्या असतात. वाऱ्याने कण उडाला की संसार तयारच घेऊन दुसऱ्या झाडावर जातो.

ही पानं झाडाचं काही खात नाहीत. कोकणात आंब्याच्या, काजूच्या खोडावर लायकेन दिसलं की ‘झाडाला रोग लागला’ म्हणून खरवडणारे पुष्कळ आहेत. खरं तर म्हाताऱ्या, विरळ पानांच्या झाडावर ऊन जास्त पोचतं, म्हणून लायकेन तिथे जास्त वाढतं. झाड आधी थकलेलं असतं, पाहुणा नंतर येतो.

आता हे पान उभं कापून पाहू. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, पण आत चार थर. वर बुरशीच्या धाग्यांची घट्ट विणलेली साल. तिच्या लगेच खाली ट्रेबॉक्सिया नावाच्या हिरव्या शैवलाच्या गोल पेशी. त्याखाली कापूस पिंजल्यासारखा बुरशीचा पोकळ थर आणि शेवटी काळी साल. बहुतेक वजन बुरशीचं. शैवल उन्हात साखर बनवतं, नेमकं सांगायचं तर रिबिटॉल नावाचं साखरेचं भावंड. बुरशी ते उचलून मॅनिटॉल करून ठेवते. एकदा मॅनिटॉल झालं की शैवलाला ते परत वापरता येत नाही.

हे दोघांचं बिऱ्हाड आहे ही कल्पना स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी 1867 साली मांडली तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्यांनी बुरशीला मालक आणि शैवलाला गुलाम म्हटलं होतं. तेव्हाचे सगळ्यात मोठे लायकेनतज्ज्ञ न्यूलांडर शेवटपर्यंत ते मानायला तयार झाले नाहीत. गंमत अशी की पॅरिसच्या धुरकट हवेत लायकेन मरतं, पण लक्झेंबर्ग बागेत तग धरतं, म्हणजे लायकेन हवेचा दर्जा सांगतं, हे 1866 साली दाखवून दिलं ते याच न्यूलांडरनी. माणूस एका बाबतीत हटवादी आणि दुसऱ्या बाबतीत काळाच्या पुढे असू शकतो.

पण मला वेड लावलं ते पाण्याच्या हिशेबाने. झाडाच्या पानावर मेणाचा थर असतो, पाण्याची वाफ सोडायला-अडवायला झडपा असतात, मुळं असतात. लायकेनकडे यातलं काहीच नाही. हवा दमट झाली की ते ओलं, हवा कोरडी झाली की ते कडकडीत. वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी उरलं तरी मरत नाही. पेशीतला सगळा कारभार थांबतो. रिबिटॉल-मॅनिटॉलचा दाट पाक आटत आटत काचेसारखा घट्ट होतो आणि पेशीतली प्रथिनं, पडदे त्यात जागच्या जागी धरून ठेवले जातात. खडीसाखरेत अडकलेल्या दोऱ्यासारखे. असं ते महिनोन् महिने पडून राहतं.

मग पहाटे धुकं येतं. ट्रेबॉक्सिया असलेल्या लायकेनला पाण्याचा थेंबही लागत नाही, नुसत्या दमट हवेतून वाफ शोषून ते जागं होतं. निळ्या-हिरव्या जिवाणूंशी संसार थाटलेल्या लायकेनना मात्र खरंखुरं पाणीच लागतं. जागं झाल्याबरोबर कमाई सुरू होते असंही नाही. आधी श्वसनाचा जोराचा झटका येतो. मोडतोड दुरुस्त करायची असते, त्याला साठवलेली साखर जाळावी लागते. म्हणजे दुकान उघडायच्या आधीच गल्ल्यातून पैसे बाहेर. त्यानंतर ऊन तापून पान वाळेपर्यंत दोन-तीन तास मिळाले तर नफा. शिंतोडा पडून लगेच ऊन आलं तर निव्वळ तोटा. असे शिंतोडे पुन्हा पुन्हा आले तर लायकेन पाणी मिळत असूनही उपाशी राहतं.

मग आपला धो धो पाऊस म्हणजे चंगळ असेल? तिथेही मेख आहे. प्रकाशसंश्लेषणाला कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि तो हवेच्या मानाने पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. पानावर पाण्याचा पापुद्रा चढला की शैवलाची घुसमट. म्हणून त्या पिंजलेल्या कापसाच्या थरातले धागे पाणी झटकणाऱ्या प्रथिनांनी माखलेले असतात. साल भिजली तरी आतली पोकळी कोरडी राहते आणि हवा खेळत राहते.

तिसरा खर्च रात्रीचा. ओलं लायकेन अंधारातही श्वास घेतच राहतं, आणि रात्र जितकी उबदार तितका श्वास जलद. दिवसा कमावलेलं रात्री गमावलं, असा प्रकार. सखल भागातल्या उष्ण, दमट जंगलात मोठ्या पानांची लायकेन कमी दिसतात याचं एक कारण हेच मानतात. घाटमाथ्यावर रात्री थंड असतात, पहाटे धुकं येतं, दुपारी कोरडं होतं. पार्मोट्रेमाला महाबळेश्वर मानवतं ते हवापालटासाठी आलेल्या मंडळींना मानवतं त्याच कारणाने. इतका ताळेबंद सांभाळून वर्षाकाठी वाढ किती, तर काही मिलिमीटर. तळहाताएवढं पान म्हणजे कित्येक वर्षांची शिल्लक, आणि मसाल्यासाठी ते एका ओरबाड्यात निघतं.

मूतखड्याचं राहिलंच. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटात संदेश फिरत होता की दगडफूल दगडावर उगवतं, म्हणून ते पोटातला दगड फोडतं. संस्कृतात याला ‘शैलेय’ म्हणतात आणि आयुर्वेदात त्याचा वापर जुना आहे, ते खरं. पण ‘म्हणून’ हा शब्द औषध नव्हे. युरोपातही एक लायकेन फुप्फुसासारखं दिसतं म्हणून छातीच्या आजारावर देत असत. दिसण्यावरून गुण ठरवायचे तर अक्रोड खाऊन सगळेच हुशार झाले असते. आणि हे दगडफूल सालीवर वाढलेलं होतं, पुरावा माझ्या ताटात पडला होता.

ज्यांना खरोखर काही करून बघायचं आहे त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती. तीही न्यूलांडरचीच. पानाची वरची साल नखाने हलकेच खरवडा आणि आतल्या पांढऱ्या थरावर कपडे पांढरे करायच्या ब्लीचचा ताजा थेंब सोडा. लालभडक झालं तर ते ‘पार्मोट्रेमा टिंक्टोरम’ असायची शक्यता बरीच. त्यातलं लेकॅनोरिक आम्ल हा रंग देतं. नावातलं ‘टिंक्टोरम’ म्हणजे रंगाऱ्यांचं. रंग बदलला नाही तर दुसरी जात. तो तुकडा मसाल्यात टाकू नका, एवढं सांगायला लागू नये.

मी ब्लीच आणलं नाही, नुसतं पाणी घेतलं. एका तुकड्यावर चार थेंब टाकले. राखाडी साल पारदर्शक होत गेली आणि मिनिटभरात खालचा हिरवा थर वर दिसू लागला. आईला बोलावून दाखवलं. तिने बघितलं, “हो की गं,” म्हणाली, आणि लगेच विचारलं, “पण ओलं कशाला केलंस? मसाल्याला बुरशी येईल ना!” मी म्हटलं, बुरशी आहेच. तिला ते पटलं नाही. तुकडा गच्चीवर धण्यांशेजारी वाळत टाकला. अर्ध्या तासाने गेले तेव्हा तो पुन्हा राखाडी आणि कडकडीत झाला होता.