खडी नाही म्हणजे हादरे थेट खांबांत? नाही!

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं काम सुरू झाल्यापासून एक समज फिरतोय: रुळांखाली खडी नाही, नुसतं काँक्रीट, मग हादरे शोषणार कोण?

काँक्रीट हादरे फारसे शोषत नाही, एवढं खरं. पण रूळ काँक्रीटवर थेट टेकलेला नसतोच. त्याच्या तळाशी रबरासारख्या लवचीक पदार्थाचं पॅड असतं. जपानी पद्धतीच्या या मार्गात काँक्रीटच्या लादीखाली सिमेंट आणि डांबराच्या मिश्रणाचा थर ओततात. सिमेंट भार पेलतं, डांबर किंचित दबतं. जिथे कंपनं आणखी कमी हवीत, तिथे लादीखाली रबरी चटईही घालतात.

मग भरपूर मऊ रबर का नको? कारण पॅड फार मऊ झालं की जमिनीकडे जाणारं कंपन घटतं, पण रूळ मोकळेपणी थरथरतो आणि त्याचा आवाज वाढतो. खरी कसरत इथेच आहे.

आणि खडी काही मागासलेली नव्हे. १९६४ची पहिली शिंकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, खडीवरच धावली. २००७ साली फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीने ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला तोही खडीवरच. फक्त खडी सरकते, झिजते, पुन्हा पुन्हा ठोकून बसवावी लागते. लादीचं मोठं आकर्षण हा देखभालीचा वाचणारा खर्च आहे.